दिव्यांग पाहुण्यांसाठी निवास आणि सहल: टेप हातात घेऊन सुरुवात कशी करायची

‘हो हो, आमच्याकडे व्हीलचेअर चालते’ या एका वाक्यावर भरवसा ठेवून माणूस शेकडो किलोमीटरचा प्रवास करून येतो आणि बाथरूमच्या दारात अडकतो. खुर्ची ६६ सेंटिमीटर रुंद, दार ६२. चार सेंटिमीटरांपायी सगळी सहल फसते. फोनवर बोलणारा खोटं बोललेला नसतो, त्याने मोजलेलं नसतं एवढंच.

छोटं निवासस्थान चालवणारे, सहली काढणारे, पर्यटनस्थळी वाटाड्याचं काम करणारे आणि हे सगळं पहिल्यांदाच करू पाहणारे अशांसाठी हा लेख आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या दिव्यांग हक्क कराराच्या ३० व्या कलमात मनोरंजन आणि पर्यटनाच्या ठिकाणी जाता येणं हा हक्क म्हणून नोंदला आहे. म्हणजे आपण कुणावर मेहेरबानी करत नाही. आलेल्या पाहुण्याला त्याच्या हक्काची जागा द्यायची, एवढंच आपलं काम.

१. साहित्य आणि माणसं जमवा

पाच मीटरचा स्टीलचा टेप, उताराचा कोन दाखवणारं मोबाईलमधलं पातळीमापक, खडू, वही आणि एक साधी व्हीलचेअर, भाड्याची चालेल. मोजायला दोघं लागतात: एक टेप धरायला, एक लिहायला.

स्वतः खुर्चीत बसून फिरून पाहायला हरकत नाही. मात्र तेवढ्यावर ‘जमतंय की’ असा निकाल देऊ नका. तुमचे पाय चालतात, त्यामुळे अडलं की नकळत तुम्ही पायाने रेटा देता. रोज व्हीलचेअर वापरणाऱ्या एखाद्या व्यक्तीला बोलवा, शक्य असेल तर एका अंध आणि एका कर्णबधिर व्यक्तीलाही. त्यांच्या वेळेचे पैसे द्या. हा सल्ला आहे, फुकटची मदत नव्हे.

२. रस्त्यापासून पलंगापर्यंत ओळीने मोजा

पाहुणा ज्या क्रमाने येईल त्याच क्रमाने जा: गाडी, पायवाट, उतार, दार, लिफ्ट, खोली, बाथरूम, जेवणाची जागा. मधली एक कडी तुटली की बाकीच्या चांगल्या असून उपयोग नाही.

गाडीजवळ: दार पूर्ण उघडून शेजारी खुर्ची लावायला दीड मीटर मोकळी जागा लागते. खडी आणि सैल वाळू नको, पुढची छोटी चाकं रुततात. पायवाट आडवी कललेली असेल तर खुर्ची सतत एका बाजूला ओढली जाते, म्हणून आडवा कल ५० ला १ पेक्षा, म्हणजे ५० सेंटिमीटर रुंदीला १ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावा.

उतार: सगळ्यात जास्त चुका इथे होतात. नियम १२ ला १ चा, म्हणजे १ सेंटिमीटर उंचीसाठी १२ सेंटिमीटर लांबी. १७ सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी २ मीटरहून थोडा लांब रॅम्प हवा. तशाच तीन पायऱ्या असतील तर उंची ५१ सेंटिमीटर आणि लांबी ६ मीटरच्या पुढे. जागा नाही म्हणून तीन पायऱ्यांवर २ मीटरची फळी टाकली की कोन जवळजवळ १५ अंशांचा होतो. चढताना खुर्ची मागे उलटते आणि उतरताना माणूस पुढे फेकला जातो. मोबाईल रॅम्पवर ठेवून कोन पाहा. ४.८ अंश म्हणजे १२ ला १. २.९ अंश म्हणजे २० ला १, आणि हाताने खुर्ची चालवणाऱ्याला हाच खरा सोयीचा. सलग ७५ सेंटिमीटर उंची चढली की दीड मीटरचा सपाट टप्पा द्या. दोन्ही बाजूंना कठडा हवा, आणि चाक कडेवरून खाली जाऊ नये म्हणून कडेला उंचवटाही. गुळगुळीत फरशीचा रॅम्प पावसात पायरीपेक्षा वाईट.

बॅटरीवर चालणारी खुर्ची एकटीच शंभर किलोच्या पुढे जाऊ शकते. त्यात माणूस आणि मागून आधार देणारा मिळवा. घडीचा रॅम्प घेताना तो ३०० किलोचा भार पेलतो का, हे बघून घ्या.

दार: चौकट मोजू नका. दार ९० अंशांत उघडा आणि दाराच्या पृष्ठभागापासून समोरच्या चौकटीच्या आतल्या कडेपर्यंत टेप लावा. चौकट ९० सेंटिमीटरची असली तरी दाराची जाडी आणि बिजागरी यांमुळे मोकळी वाट बरीच कमी भरते. मोकळी वाट किमान ८० हवी, ९० असेल तर उत्तम. दोन-चार सेंटिमीटरांनी अडत असेल तर दार पूर्णपणे वाटेबाहेर सरकवणाऱ्या खास बिजागऱ्या मिळतात. भिंत फोडण्याआधी तो उपाय करून पाहा. उंबरठा १३ मिलिमीटरपेक्षा उंच असेल तर तासून घ्या किंवा दोन्ही बाजूंना उतरती पट्टी बसवा.

लिफ्ट: आतली लांबी-रुंदी मोजा. ११० बाय १४० सेंटिमीटरमध्ये एक खुर्ची आणि एक सोबती मावतो, पण खुर्ची आत वळवता येत नाही. मागच्या भिंतीवर आरसा असेल तर उलटं बाहेर पडताना मागचं दिसतं.

खोली: फर्निचर मांडलेलं असताना दीड मीटर व्यासाचं वर्तुळ खडूने काढून बघा. खुर्ची तेवढ्या जागेत वळते. पलंगाची उंची गादीसकट मोजायची. ४५ ते ५० सेंटिमीटर चांगली, कारण खुर्चीची बैठकही साधारण तेवढीच उंच असते. जाड गादी घातली की पलंग ६५ वर जातो आणि पाहुण्याला कुणीतरी उचलून ठेवावं लागतं. पलंगाखाली १५ सेंटिमीटर मोकळं असेल तर माणूस उचलण्याच्या यंत्राचे पाय आत जातात, खालून बंद पेटीच्या पलंगात ते शक्य नाही. बटणं, किल्ली अडकवायचा खिळा, कपड्यांची दांडी हे सगळं जमिनीपासून १२० सेंटिमीटरच्या आत.

३. बाथरूमसाठी वेगळा दिवस ठेवा

सहल रद्द होते ती बहुतेक वेळा इथेच.

खुर्चीवरून कमोडवर कसं बसतात ते आधी समजून घ्या. माणूस खुर्ची कमोडच्या शेजारी थोडी तिरकी लावतो, ब्रेक लावतो, पाय ठेवायच्या पट्ट्या बाजूला करतो, कमोडकडचा हात-टेकू काढतो. मग एक हात आधारदांड्यावर, दुसरा खुर्चीच्या बैठकीवर दाबून कंबर उचलतो आणि आडवा सरकतो. सगळा भार दोन हातांवर. आता पाहा: कमोडच्या शेजारी ९० सेंटिमीटर मोकळी जागा नसेल तर खुर्ची तिथे लागतच नाही. कमोड खुर्चीपेक्षा बराच उंच किंवा खोल असेल तर जाताना किंवा येताना चढ पडतो. म्हणून सीटची उंची ४३ ते ४८ सेंटिमीटर. आणि मोकळी जागा डावीकडे आहे की उजवीकडे, हे लिहून ठेवा. एका बाजूचा पक्षाघात झालेल्याला एकच बाजू उपयोगाची असते.

आधारदांडा जमिनीपासून ७० ते ९० सेंटिमीटरच्या दरम्यान. नेमकी उंची देशोदेशीच्या नियमांप्रमाणे थोडी बदलते, ती तपासून घ्या. भिंत आणि दांडा यांत ४ सेंटिमीटर फट ठेवा. फट जास्त असेल तर हात घसरून कोपरापर्यंत आत अडकतो. दांड्याने किमान ११३ किलोचा जोर सोसला पाहिजे, म्हणून तो विटेत किंवा काँक्रीटमध्ये बोल्टने पक्का बसवा. नुसत्या टाइलवर चिकटणारे, हवेच्या दाबाने धरणारे दांडे कधीही लावू नका. ते धरतात असं वाटतं आणि भार पडल्याक्षणी सुटतात. टॉवेलची दांडी म्हणजे आधारदांडा नव्हे, पण घसरणारा माणूस तिलाच धरतो, म्हणून ती कमोडजवळून काढून टाका.

न्हाणीच्या कडेला उंचवटा नको, पाणी ५० ला १ च्या हलक्या उताराने जाऊ द्या. बसायला भिंतीला पक्कं केलेलं आसन किंवा रबरी बुडाची, हात असलेली अंघोळीची खुर्ची. प्लास्टिकची साधी खुर्ची ओल्या फरशीवर पाय पसरते आणि मोडते. ती ठेवण्यापेक्षा ‘आसन नाही’ असं सांगितलेलं बरं. हातात धरायच्या शॉवरची नळी दीड मीटर, आणि नळ बसल्या जागेवरून फिरवता यायला हवेत. गरम पाणी ४९ अंशांच्या वर जाणार नाही अशी व्यवस्था करा. मणक्याला इजा झालेल्या माणसाला पायाला चटका बसलेला कळतच नाही. याच कारणाने वॉशबेसिनखालच्या गरम पाण्याच्या नळीवर आवरण हवं. बेसिनखाली गुडघे जायला ७० सेंटिमीटर मोकळं ठेवा.

दार बाहेरच्या बाजूला उघडणारं. आत पडलेला माणूस आत उघडणाऱ्या दाराला टेकून पडतो, मग मदतीला कुणी आत शिरू शकत नाही.

आणीबाणीच्या घंटेची दोरी जमिनीपासून १० सेंटिमीटरपर्यंत लोंबती हवी, कारण ती पडलेल्या माणसासाठी असते. पोछा मारताना ओली होते म्हणून सफाई करणारे ती वर गुंडाळून बांधतात. रोज बघा.

४. आकडे जसेच्या तसे जाहीर करा

‘दिव्यांगस्नेही’ हा शब्द एकटा वापरू नका. त्याऐवजी लिहा: ‘मुख्य दारात १२ सेंटिमीटरची एक पायरी, दीड मीटरचा घडीचा रॅम्प उपलब्ध. खोली क्रमांक २ चं दार ८३ सेंटिमीटर, बाथरूमचं ७८. कमोडच्या उजवीकडे ९५ सेंटिमीटर मोकळं. आधारदांडा फक्त डाव्या भिंतीला.’ जे नाही ते नाही म्हणून लिहा. अर्धवट सोय असलेली जागाही कुणाच्या तरी कामाची असते. त्याला आधी कळलं पाहिजे एवढंच. बाथरूमचे फोटो टेप लावलेल्या स्थितीत काढा, दारातून एक आणि कमोडच्या बाजूने एक.

ही माहिती फोटोत किंवा स्कॅन केलेल्या पत्रकात अडकवू नका, अंध व्यक्तीचं वाचक सॉफ्टवेअर चित्रातली अक्षरं बहुधा वाचत नाही. साधा मजकूर टाका, फोटोंना वर्णन जोडा. फिक्या राखाडी पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं अल्पदृष्टीच्या माणसाला दिसत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान ४.५ ला १ असावा, तो मोजणारी साधनं फुकट मिळतात. संपर्कासाठी फोनबरोबर लिखित संदेशाचीही सोय ठेवा, नाहीतर कर्णबधिर पाहुणा पहिल्याच पायरीवर बाहेर.

५. बुकिंग घेताना हे विचारा

आजाराचं नाव विचारू नका. ‘तुम्हाला काय झालंय?’ हा प्रश्न खोली द्यायला लागत नाही. लागतं ते असं:

- खुर्चीची रुंदी, लांबी, वजन. घडी होते का
- एखादी पायरी चढता येते का
- खुर्चीवरून पलंगावर स्वतः सरकता येतं का, कोणत्या बाजूने
- बॅटरी असल्यास प्रकार, व्होल्ट, अँपिअर-तास
- फ्रिजमध्ये ठेवायचं औषध, रात्री विजेवर चालणारं उपकरण
- मार्गदर्शक कुत्रा सोबत आहे का
- सूचना कशा हव्यात: मोठ्या अक्षरांत, ब्रेलमध्ये, आवाजात, खाणाखुणांच्या भाषेत

उत्तरं सगळ्या ग्रुपमध्ये फिरवू नका, ज्याच्या कामाची त्यालाच द्या. आणि ज्याची सहल आहे त्याच्याशी बोला. सोबत आलेल्या भावाला ‘यांना काय खायला आवडतं?’ असं विचारणं हा उघड अपमान आहे.

६. विमान आणि गाडी

विमान कंपनीला किमान ४८ तास आधी कळवा आणि बुकिंगवर योग्य संकेत पडलाय याची खात्री करा. डब्ल्यूसीएचआर: पायऱ्या चढता येतात, लांब चालवत नाही. डब्ल्यूसीएचएस: पायऱ्या चढता येत नाहीत, सीटपर्यंत चालता येतं. डब्ल्यूसीएचसी: अजिबात चालता येत नाही, सीटपर्यंत अरुंद खुर्चीने न्यावं लागतं. एजंट घाईत सगळ्यांना पहिलाच संकेत टाकतात. मग विमानाच्या शिडीशी माणूस उभा राहू शकत नाही आणि अरुंद खुर्ची मागवलेलीच नसते.

बॅटरी: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास म्हणजे वॉट-तास. २४ व्होल्ट, १० अँपिअर-तास म्हणजे २४०. काढता येणारी लिथियम बॅटरी काढून, टोकांना चिकटपट्टी लावून हातसामानात न्यायची. मर्यादा ३०० वॉट-तास, दोन बॅटऱ्यांची खुर्ची असेल तर प्रत्येकी १६०. काढता न येणारी बॅटरी खुर्चीतच राहते, पण खुर्ची चुकून सुरू होणार नाही असं करावं लागतं. जेल किंवा कोरडी बॅटरी असेल तर तसं लिहिलेला उत्पादकाचा कागद जवळ ठेवा. कंपनीची मंजुरी लेखी घ्या. फोनवरचं ‘चालेल’ तपासणीच्या रांगेत कुणी ऐकत नाही.

काही लहान विमानांत सामानकक्षाचं दार ९० सेंटिमीटरपेक्षाही कमी उंच असतं. खुर्चीची पाठ खाली होते का, आधी पाहा. खुर्ची सोपवण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढा. उशी, हात-टेकू, पाय-पट्ट्या यांसारखे सुटे भाग विमानात सोबत न्या. ‘ब्रेक असा सोडा, इथून उचला, इथून उचलू नका’ असा मोठ्या अक्षरांतला कागद चित्रांसह खुर्चीला बांधा. मोडली तर विमानतळ सोडण्याआधी लेखी तक्रार. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासातल्या नुकसानभरपाईच्या मॉन्ट्रियल करारानुसार तक्रारीची मुदत सात दिवसांची आहे, पण बाहेर पडल्यावर ‘नंतर मोडली’ असं म्हणायला वाट मिळते. त्या करारातली सामानाची भरपाई बॅटरीच्या खुर्चीच्या किमतीपुढे फार तोकडी पडते. म्हणून चेक-इनच्या वेळी जास्त मूल्य जाहीर करता येतं का विचारा, किंवा वेगळा विमा घ्या.

गाडीत खुर्चीवर बसूनच जायचं असेल तर खुर्चीला चार पट्टे आणि माणसाला वेगळा सीटबेल्ट. पट्टे खुर्ची धरतात, माणसाला नाही. खुर्चीचं तोंड गाडीच्या दिशेलाच, आडवं नको.

७. दिवस सैल आखा

एका दिवसात एक मोठं ठिकाण, जमलं तर एक छोटं. गटाला लागतो त्याच्या दीडपट वेळ धरा. चढणं-उतरणं, पट्टे बांधणं यातच अर्धा तास जातो.

शौचालयाचे थांबे आधी प्रत्यक्ष पाहून ठरवा. मणक्याची इजा असलेले बरेचजण दर चार ते सहा तासांनी नळीने लघवी काढतात. त्याला स्वच्छ जागा आणि हात धुवायला पाणी लागतं. इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीला किंवा वर असेल तर लघवी तुंबल्याने रक्तदाब एकाएकी धोकादायक चढू शकतो: डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. अशा वेळी माणसाला ताठ बसवा, आडवं करू नका, घट्ट कपडे सैल करा, लघवीची नळी दुमडली आहे का पाहा आणि तातडीने वैद्यकीय मदत बोलवा. थांबा चुकला म्हणून पाहुण्याने पाणी पिणं बंद केलं, तर समजा आखणीच चुकली. याच लोकांना एरवी इजेच्या खालच्या भागात घाम नीट येत नाही, म्हणून भर दुपारी उघड्यावरचं ठिकाण नको. सतत बसून त्वचेला जखम होते, तेव्हा दर अर्ध्या तासाने भार हलवायला वेळ मिळू द्या.

८. व्हीलचेअर नसलेले पाहुणे

अंध व्यक्तीचा हात धरून ओढू नका. आपलं कोपर पुढे करा, ती धरेल, आणि अर्धं पाऊल पुढे चाला. ‘पायरी आहे’ एवढं पुरत नाही, ‘चढती पायरी’ किंवा ‘उतरती’ असं सांगा. ‘तिकडे’ हा शब्द निरुपयोगी, ‘तुमच्या उजव्या हाताला दोन पावलांवर’ उपयोगी. ताट घड्याळासारखं सांगा: तीनवर भाजी, नऊवर पाणी. पायवाटेवरच्या उठावाच्या फरशीवर पाट्या आणि गाड्या उभ्या करू नका. तिच्यावरच्या लांब रेघा ‘पुढे चला’ सांगतात, ठिपके ‘थांबा, सावध’. संग्रहालयात हाताने चाचपता येणारी प्रतिकृती असेल तर तिथे गटाला जास्त वेळ द्या.

कर्णबधिर पाहुण्यांसाठी वाटाड्याने आधी बोलावं, मग दाखवावं. चालता चालता, पाठ करून किंवा सूर्य पाठीशी ठेवून बोलल्यास ओठ वाचता येत नाहीत. खाणाखुणांची भाषा बहुतेक देशांत वेगळी असते, दुभाष्या ठरवताना कोणती ते विचारा. लांब कार्यक्रमाला दोन दुभाषे लागतात, साधारण वीस मिनिटांनी ते बदलतात. खोलीत दाराची घंटा आणि धोक्याचा इशारा दिव्याने कळावा, उशीखाली थरथरणारा गजर ठेवा.

स्वमग्नता असलेल्या पाहुण्यांना अचानकपणा आणि गोंगाट यांचा त्रास होतो. ठिकाणाचे फोटो क्रमाने लावून दिवस कसा जाईल ते आधी पाठवा. कुठे आवाज मोठा, कुठे प्रकाश लुकलुकतो हे नकाशावर दाखवा. एक शांत खोली राखून ठेवा. न दिसणारं अपंगत्व असलेल्यांसाठी सूर्यफुलाच्या चित्राची गळपट्टी २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली आणि आज कित्येक विमानतळांवर ओळखली जाते. ती दिसली की घाई करू नये, हे तुमच्या माणसांना माहीत असू द्या.

९. कर्मचाऱ्यांचा सराव

व्हीलचेअरला हात लावण्याआधी विचारायचं, ती माणसाच्या अंगाचाच भाग आहे. उचलायची वेळ आलीच तर न निघणाऱ्या सांगाड्याला धरायचं. हात-टेकू आणि पाय-पट्ट्या धरल्या की त्या हातात येतात आणि माणूस खाली पडतो. तीव्र उतारावर खुर्ची उलटी, म्हणजे माणसाची पाठ उताराकडे करून उतरवायची. मदतनीसाकडून खोलीचे जास्तीचे पैसे घेऊ नका, त्याच्याशिवाय पाहुणा येऊच शकत नाही.

१०. आग लागली तर

आगीत लिफ्ट वापरता येत नाही, त्यामुळे शक्य तितक्या दिव्यांग पाहुण्यांना तळमजल्याची खोली द्या. वरचा मजला असेल तर जिन्यावरून सरकवत उतरवणारी खुर्ची आणि ती चालवायला शिकलेली दोन माणसं दर पाळीत हवीत, रात्रीसुद्धा. पाहुणा आल्या दिवशीच त्याच्याशी बोलून ठरवा: कोण येणार, कोणत्या वाटेने, कसं उचलायचं. कोणत्या खोलीत कुणाला मदत लागेल, याची यादी स्वागतकक्षात रोज रात्री नवी करून ठेवा.

पाहुणे निघताना त्यांना एवढंच विचारा: आम्ही दिलेला कोणता आकडा चुकला? नवी गादी आली, नवं पायपुसणं आलं, दाराला नवं कुलूप बसलं की आकडे बदलतात. तेवढा भाग त्याच दिवशी पुन्हा मोजा आणि जाहीर माहितीत दुरुस्त करा.